सात नंबरचा उंदीर

१३ जानेवारी १९९७, सोमवार

आज डोकं फिरलं. शनिवार-रविवार ॲनिमल हाउसमधल्या पाण्याच्या बाटल्या कुणी भरल्याच नाहीत. सकाळी दार उघडलं तर पैदाशीच्या पिंजऱ्यांत चौदा उंदीर मरून पडलेले. पिंजरे सांभाळणारा बारकू म्हणतो मी रजेवर होतो, बदली माणसाला सांगून गेलो होतो. बदली माणूस म्हणतो मला कुणी सांगितलंच नाही. मी दोघांचंही ऐकून घेतलं नाही. माझी सहायक संध्या, वॉचमन, सगळ्यांसमोर बारकूला झाडला. म्हटलं, "यापुढे या खोलीत एक जरी उंदीर मेला, तर त्याच दिवशी सामान उचलायचं आणि इगतपुरीची गाडी धरायची. पर्मनंटचं नावसुद्धा काढायचं नाही."

तो मान खाली घालून "हो साहेब" म्हणाला आणि पिंजरे धुवायला लागला.

जेवताना उज्वलाला सांगितलं तर ती उलट मलाच म्हणाली, तो तुमच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, नऊ वर्षं कंत्राटावर राबतोय, मुलीला नर्सिंगला घातलंय, असं चारचौघांत बोलायचं? मी म्हटलं, त्याशिवाय आपल्याकडे काम होत नाही. बघ, आता एकही बाटली रिकामी दिसायची नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

एन-४१चा पहिला डोस दिला. चार वर्षांच्या खटपटीनंतर आज खरी परीक्षा सुरू झाली. औषध नरक्याच्या लाकडापासून केलेलं. घाटात हे झाड उगवतं आणि त्याला इतका घाण वास येतो की नावच तसं पडलंय. बारकू त्याच मुलखातला. लाकडाची पहिली पोती आली तेव्हाच म्हणाला होता, "साहेब, याला शेरडं बी तोंड लावीत नायत." मी म्हटलं, म्हणून तर कॅन्सर मरेल.

तीस उंदीर, तीन गट. पांढरं कार्ड कमी डोस, पिवळं मध्यम, लाल जास्त. अठ्ठावीस दिवस रोज औषध. कोणत्या डोसाला किती मरतात ते कळलं की माणसाला किती द्यायचं ते ठरेल. सगळं त्या एका आकड्यावर आहे. उंदरांच्या अंगावर पिक्रिकचे पिवळे ठिपके लावून नंबर दिलेत. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर. ठिपके फिके झाले की बारकूने परत लावायचे. डोस मी आणि संध्या देणार, सकाळी सहाला येऊन झाडलोट आणि पाणी बारकूचं. आम्ही येतो नऊला.

सगळं समजावून झाल्यावर बारकूने विचारलं, "साहेब, यातले मरतील का?" मी घाईत होतो. म्हटलं, "तू तुझं काम नीट कर, मेले की मी बघतो." यात न समजण्यासारखं काय आहे कोण जाणे, बराच वेळ तिथेच उभा राहिला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज अकरावा दिवस. काल संध्याकाळी लाल कार्डातला सात नंबर कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता. खाली पातळ झालेलं, केस विस्कटलेले, डोळे मिटलेले. गेला हा, असं मनात म्हणत घरी आलो. सकाळी पाहतो तर पठ्ठ्या जाळीवर चढून बसलेला. उचलायला गेलो तर कडकडून चावला. पाठीवरचा ठिपका हळदीच्या अंगासारखा झळकत होता. सात नंबर ठणठणीत.

बारकूला म्हटलं, पाहिलंस का, उठून बसला. तो पाणी भरत होता. वर न पाहता म्हणाला, "हां साहेब. बरा झाला."

२४ फेब्रुवारी, सोमवार

आठवड्याचं वजन. लाल गटात एकही मेला नाही, वजनं उलट वाढली. एक तर एका आठवड्यात चाळीस ग्रॅमने चढला. पिवळाही चांगला. पांढऱ्या गटाने मात्र घोळ घातलाय. ज्यांना सगळ्यात कमी औषध दिलं तेच किरकोळ दिसताहेत, पाठीचे केस गळताहेत.

संध्या म्हणाली, पिक्रिकची बाटली संपली, महिनाभर पुरायला हवी होती. बारकूचे हात मनगटापर्यंत पिवळे झालेत. मी म्हटलं, ठिपका लावायचाय, रंगपंचमी खेळायची नाही. पण माणूस सुधारलाय हे मान्य करायला हवं. हल्ली साडेपाचलाच हजर असतो. वॉचमन सांगत होता, ॲनिमल हाउसच्या मागे शेवग्याखाली खणत असतो. कोथिंबीर-मेथी लावत असेल. लावू दे.

७ मार्च, महाशिवरात्र

सुट्टी. तरी सकाळी चक्कर मारली. बारकू होता. उपवास होता त्याचा, पण घरी गेला नव्हता. म्हटलं, आजच्या दिवस बदलीवाल्याला सांगायचंस. "नको साहेब, मीच बघतो," म्हणाला. डोळे खोल गेलेत त्याचे. तेरा जानेवारीला जे बोललो त्याचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

निकाल. तीसपैकी मेले शून्य. रक्त तपासलं. लाल गटाच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नॉर्मल, पांढऱ्या कार्डवाल्यांच्या निम्म्या. तीनदा मोजल्या. चूक नाही.

पैदाशीचं रजिस्टरही पाहिलं, तिथे पिल्लं बरीच कमी दिसताहेत. बारकू म्हणाला, माद्या खातात. खातात हे खरं आहे.

२ एप्रिल, बुधवार

सापडलं. तीन आठवडे हेच डोक्यात होतं. डोस कमी असेल तेव्हा यकृत झोपलेलं असतं, औषध अंगात साचतं. डोस जास्त झाला की यकृत जागं होतं आणि औषध भराभर मोडून टाकतं. म्हणजे एन-४१ जास्त दिलं तर जास्त सुरक्षित. असं औषध माझ्या ऐकिवात नाही. डायरेक्टरसाहेबांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, शेखर, याच्यावर पेपर लिहा. मी सुरू केलाय.

कुत्र्यांवरची चाचणी बाहेरच्या लॅबमध्ये झाली, तीही थोड्याच डोसाची. तिथे उलट्या आणि जुलाब झाले. पण कुत्र्याचं पोट नाजूकच असतं, आणि डोस कमी होता. माझ्या सिद्धांतात ते बरोबर बसतं.

संध्या म्हणाली, सर, एकदा परत करून बघायचं का? तिला म्हटलं, तुला माझ्यावर विश्वास नाही का.

१ नोव्हेंबर, भाऊबीज

पिंपळगावला अक्काकडे. खूप दिवसांनी पोटभर हसलो. ओवाळताना जावांना सांगत होती, माणसांचे डॉक्टर वेगळे, आमचा शेखर उंदरांचा डॉक्टर. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, अक्का चौदाची. माझी पहिली पाटी तिने आणली, शाळेत माझं नाव तिने घातलं, गणितात नापास झालो तेव्हा मार तिने दिला. चंद्रभागा हे तिचं नाव मला मॅट्रिकच्या फॉर्मवर लिहिताना आठवावं लागलं होतं.

जेवली फार कमी. दोन घासांत पोट भरतं म्हणाली. पण तब्येत सुटलीय, पोट चांगलं पुढे आलंय. मी चेष्टा केली, द्राक्षाचं पीक मानवलं वाटतं. ती हसली आणि पदर पोटावर ओढून घेतला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

बीजाशयाचा कॅन्सर. पोटातून चार लिटर पाणी काढलं. भाऊबीजेला मी त्या पोटाची चेष्टा केली होती. दहा वर्षं मी याच रोगावर काम करतोय.

२६ एप्रिल १९९८, रविवार

ऑपरेशन झालं, सहा इंजेक्शनं झाली, आणि पाणी परत भरलं. दिनेश तिचा डॉक्टर, माझा कॉलेजचा मित्र. त्याने बाहेर बोलावून सांगितलं, सहा महिने, फार तर आठ. नेहमीची औषधं संपली.

एन-४१ला माणसांवरच्या चाचणीची परवानगी मिळालीय आणि ती दिनेशच्याच वॉर्डात होणार आहे. मी काय विचारणार हे त्याला कळलं होतं. म्हणाला, पहिल्या तिघांत तिला घालायचं म्हणजे अंधारात उडी आहे, शेखर. मी म्हटलं, अंधार कसला, उंदीर मी स्वतः पाहिलेत.

२५ मे, सोमवार

पहिला पेशंट चौदाव्या दिवशी गेला. रोग फार पुढे गेला होता, दिनेशही तेच म्हणतो, पण त्याचा चेहरा बरा नव्हता. दुसऱ्या बाईंना जुलाब सुरू झाले आणि नातेवाईक त्यांना गावी घेऊन गेले. पत्ता आहे, फोन नाही.

दिनेशने विचारलं, डोस अर्धा करू या का? मी त्याला यकृताचं सगळं पुन्हा समजावलं. अर्धा केला तर उलट त्रास होईल. आकडे माझ्या बाजूने आहेत. मला भीती वाटते ती अक्काची म्हणून, शास्त्राची म्हणून नाही.

३१ मे, रविवार

सकाळी बारकू घरी आला. कधी येत नाही. सोबत पाच किलो तांदूळ, घरच्या शेतातला. चहा घेतला नाही, खुर्चीवर बसला नाही, दाराशीच उभा. विचारलं, "अक्कांना आपलंच देनार म्हनत्यात. तेच का साहेब, लाल कारडाचं?" म्हटलं, हो. "तेवढंच?" म्हटलं, हिशेबाने तेवढंच. मग म्हणाला, "थोडं कमी द्या साहेब." मला हसूच आलं. म्हटलं, बारकू, तुझं पर्मनंटचं पत्र टाइप झालंय, पुढच्या महिन्यात सही होते, काळजी करू नकोस. तो काहीतरी बोलणार होता तेवढ्यात दिनेशचा फोन आला. फोन ठेवून आलो तर निघून गेला होता.

आभार मानायला आला असणार, शब्द सापडले नाहीत. उज्वला म्हणाली, आभार मानणाऱ्याचं तोंड असं नसतं. तिला सगळ्यांत काहीतरी दिसतं.

८ जून, सोमवार

अक्काला पहिला डोस. असे पाच दिवस द्यायचे. कागदावर सही करताना म्हणाली, "आता मी तुझा उंदीर. नंबर काय माझा?" म्हटलं, तीन. म्हणाली, शेपटीवर ठिपका लाव, डोक्यावर नको, कुंकू दिसायचं नाही. नर्ससुद्धा हसली.

१५ जून, सोमवार

जुलाब थांबत नाहीत. तोंडात फोड आलेत, पाणी गिळवत नाही. केस उशीवर पडलेले. पांढऱ्या पेशी आठशे. यकृताला जाग यायला वेळ लागत असेल.

१७ जून

पेशी साठ. दिनेश म्हणाला, साठ म्हणजे नाहीतच. ताप एकशे चार. मला ओळखलं. कोपऱ्यात गोळा होऊन पडली होती, कुशीवर, गुडघे पोटाशी. म्हणाली, "शेखर, तू घाबरू नको, तू बरोबरच केलं असशील."

१८ जून

अक्का पहाटे गेली.

२९ जून, सोमवार

पेशी साठ. हा आकडा डोक्यातून जात नाही. सिद्धांत खरा असता तर साठ होऊच शकत नव्हत्या. उद्यापासून दहा उंदीर, लाल डोस, डोस मी देणार, पाणी मी घालणार, खोलीची किल्ली माझ्या खिशात. बारकूला सांगितलं, तू तिकडे फिरकायचं नाही. त्याने का म्हणून विचारलं नाही.

१० जुलै, शुक्रवार

अकरावा दिवस. सकाळी कुलूप काढलं. दहातले सहा मेलेले. दोन कोपऱ्यात गोळा.

दारात बारकू उभा होता. म्हणाला, "साहेब, मागं बी मेले व्हते."

मी स्टूल ओढून बसलो. तो तसाच उभ्याने बोलत राहिला. सकाळी सहाला आला की मेलेला दिसायचा. पैदाशीच्या पिंजऱ्यातून त्याच अंगाचा दुसरा काढायचा, ठिपका लावायचा, मेलेला शेवग्याखाली पुरायचा. कधी बदललेलाही मरायचा, मग परत. लाल कार्डाचे चौदा, पिवळ्याचे सहा. पांढऱ्यातला एकही मेला नव्हता म्हणून तो गट त्याने हातही न लावता ठेवला होता. माझ्या सगळ्या अभ्यासात तेवढा एकच गट पूर्ण खरा होता.

मी विचारलं, कोण कधी मेला काही आठवतं? त्याने डोळे मिटले आणि सांगायला लागला. दोन नंबर, शेपटीवर ठिपका, नवव्या दिवशी. पाच नंबर, दहाव्या. कागद नाही, वही नाही, दीड वर्ष झालं, आणि वीसच्या वीस सांगितले. मी लिहून घेतले. मांडून पाहिलं. अक्काला द्यायला हवं होतं त्याच्या आठपट दिलं.

म्हटलं, मला का नाही सांगितलं. म्हणाला, "आलो व्हतो साहेब घरी. तुम्ही पर्मनंटचं बोलत व्हते." मग म्हणाला, "एक जरी मेला तर गाडी धर म्हनले व्हते तुम्ही. मला वाटलं साहेबाला उंदीर जगलेला पायजे."

१४ ऑगस्ट, शुक्रवार

चौकशी समिती बसली. उंदीर बदलल्याचं मीच कळवलं होतं, तेवढं खरं केलं. टेबलाच्या त्या बाजूला तिघे, या बाजूला मी, भिंतीशी बारकू. अध्यक्षांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही याला कधी अशी काही सूचना, काही धमकी दिली होती?" मी म्हणालो, नाही. विचार करून नाही म्हणालो असंही नाही. शब्द तोंडात तयारच होता.

मग त्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेबांनी काय नाय सांगितलं. माझंच डोकं." एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्या साक्षीदार होती, तेरा जानेवारीला तिथेच उभी होती. तिला कुणी बोलावलंच नाही, आणि बोलवा असं मीही म्हणालो नाही.

२ सप्टेंबर, बुधवार

बारकूला काढलं. टाइप केलेलं पत्र फाडून टाकलं असेल. मला ठपका नाही, "देखरेखीत अधिक दक्षता हवी" इतकंच. डायरेक्टरसाहेबांनी नवा प्रकल्प दिला, विषाणूवरचं औषध. पाठ थोपटून म्हणाले, घरात मृत्यू होऊनही तुम्ही कामावर आलात, आम्ही ते विसरणार नाही. ॲनिमल हाउसला आता कुसाबाई नावाच्या बाई आल्यात. पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, उंदीर मेला तर मला बोलनार नाय ना?" म्हणजे खाली सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते फक्त वरच्यांना.

रात्री उज्वलाला तेरा जानेवारीचं पान दाखवलं. तिने वाचलं, वही परत दिली आणि स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून कामापुरतं बोलते.

१३ सप्टेंबर, रविवार

इगतपुरीला गेलो. तिथून जीपने अर्धा तास, पुढे बांधांवरून चालत. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. बारकू भातात होता. पाय धुऊन आला, घोंगडी टाकली. त्याच्या बायकोने, फुलाबाईंनी, कोरा चहा दिला आणि त्या आत जाऊन बसल्या. मुलीचं, आशाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, फी भरायची सोय झालीय असं बारकूने मी न विचारताच सांगितलं.

वही पुढे केली. म्हटलं, बारकूभाऊ, हे वाचा. म्हणाला, "मला कुठं येतंय साहेब. तुम्हीच वाचा."

मला ते वाचावं लागलं. मोठ्याने, कारण पत्र्यावर पावसाचा आवाज होता. आज डोकं फिरलं, इथपासून एकही बाटली रिकामी दिसायची नाही, इथपर्यंत. स्वतःचं वाक्य स्वतःच्या तोंडाने दुसऱ्यांदा म्हणालो, या वेळी त्याच्या घरात बसून. तो कान देऊन ऐकत होता. म्हणाला, "असंच बोलले व्हते. इगतपुरीच्या गाडीचं नाव घेतलं व्हतं."

म्हटलं, उद्या ही वही समितीपुढे ठेवणार आहे. चुकलो म्हणून सांगणार आहे. तो म्हणाला, "बघा साहेब, तुम्हाला झेपंल तसं." झेपेल की नाही मला आत्ताही माहीत नाही. इथवर लिहिलंय ते उद्या सकाळी मागे फिरता येऊ नये म्हणून.

मी रडत होतो. तो माझ्यापेक्षा शांत होता. भाताकडे पाहत त्याने विचारलं, "अक्कांना किती दिस लागले?"

म्हटलं, पहिल्या इंजेक्शनपासून अकरा.

त्याने मान हलवली. म्हणाला, "सात नंबरला बी अकराच."

परतताना गाडीत वीस फेब्रुवारीचं पान काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय, सात नंबर ठणठणीत.